प्रोस्टेटची काच: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात प्रोस्टेटच्या वाढीवरच्या लेखात 'तुकड्याचा रिपोर्ट आला की निदान पक्कं' असं एक वाक्य छापून गेलं. ते वाचून इंदूर, देवास आणि महूहून बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेतली आहेत. उत्तरं रोज प्रोस्टेटच्या स्लाइड (तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचा) बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट मंडळींनी दिली आहेत. लॅबमधल्या तंत्रज्ञांचं एक पत्रही मुद्दाम ठेवलं आहे. काच नीट बनली नसेल तर बघणाऱ्याचा वीस वर्षांचा अनुभवही उपयोगी पडत नाही.

प्रश्न : बाबांचं वय ७१, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ६.८. बायोप्सीत १२ तुकडे घेतले. अकरा साफ, एकावर 'अटिपिकल स्मॉल अ‍ॅसिनर प्रोलिफरेशन' असा शेरा. डॉक्टर म्हणतात कॅन्सर म्हणता येत नाही आणि कॅन्सर नाही असंही म्हणता येत नाही. घरात सगळे 'गठान कसली आहे ते तरी सांगा' म्हणून मागे लागलेत. काय सांगू? – एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : घरच्यांना सांगा की हे आजाराचं नावच नव्हे. 'लहान ग्रंथींचा एक पुंजका मला खटकतोय, पण कर्करोग म्हणून सही करावी एवढा पुरावा या तुकड्यात नाही,' असं काच बघणाऱ्याने लिहून दिलं आहे. बायोप्सीची सुई १८ गेजची. तिच्यातून निघतो तो शेवईच्या तुकड्यासारखा धागा, जेमतेम एक मिलिमीटर जाड, दीड-दोन सेंटिमीटर लांब. संशयित ग्रंथी त्यात कधी दोन असतात, कधी पाच, आणि कधी नेमक्या धाग्याच्या कडेला अर्ध्या कापलेल्या. शेजारी काय होतं ते सुईबरोबर आलेलंच नसतं. तीनपेक्षा कमी ग्रंथींवर कर्करोगाची सही करायला बरेच पॅथॉलॉजिस्ट कचरतात. तसा लिखित नियम नाही, पण सवय चांगली आहे.

असा शेरा मिळालेल्यांची पुन्हा बायोप्सी केली तेव्हा जुन्या अभ्यासांत शंभरातल्या साधारण चाळीस जणांत कर्करोग निघाला. म्हणून शेरा फाइलमध्ये लावून विसरून जायचा नाही. आणि या शेऱ्याच्या आधारावर ऑपरेशन किंवा रेडिएशनही घ्यायचं नाही. आधी विचारा की त्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) बेसल पेशींचा, म्हणजे ग्रंथीच्या तळच्या अस्तराचा, इम्युनो रंग (ठरावीक पेशीच रंगवणारी चाचणी) केला का. नसेल तर तो करून घ्या आणि काचा दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवा. बऱ्याचदा गाठोडं तिथेच सुटतं. तरीही संशय उरला तर एमआरआय आणि साधारण तीन ते सहा महिन्यांत पुन्हा बायोप्सी. त्या वेळी ज्या जागेचा तुकडा खटकला तिथले जादा तुकडे घ्यायचे. हे तेव्हाच शक्य होतं, जेव्हा पहिल्या वेळी प्रत्येक जागेचा तुकडा वेगळ्या डबीत, नाव-जागा लिहून पाठवलेला असतो. बारा तुकडे एकाच डबीत टाकले असतील तर कुठे शोधायचं, हा प्रश्न उरतोच.

'हाय ग्रेड पिन' हा शेरा वेगळा. त्यात मोठ्या, जुन्या ग्रंथींच्या आतल्या पेशी बिघडलेल्या असतात, पण ग्रंथीची चौकट शाबूत असते. दोन्हींची गल्लत करू नये.

प्रश्न : मी पॅथॉलॉजीत एमडी करते. अ‍ॅडिनोसिस (लहान ग्रंथींची साधी, कर्करोग नसलेली वाढ) आणि ग्लीसन ३+३ (सगळ्यात सौम्य ग्रेडचा कर्करोग) यांत माझी दर वेळी चूक होते. पुस्तकातला तक्ता पाठ आहे, पण स्लाइडवर दोन्ही गर्दीच वाटते. – एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : तक्ता पाठ असल्यामुळेच चूक होते. त्यातल्या एकेका खुणेवर टिकमार्क करत गेलं की शेवटी बेरीज कुठेही नेता येते.

सुरुवात ४एक्सवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या कमी भिंगावर करा, आणि तिथे घाई करू नका. अ‍ॅडिनोसिसमधल्या ग्रंथी आपली पंगत धरून बसतात. गर्दी असते, खेटून बसलेल्या असतात, पण पुंजक्याला एक कड असते. कर्करोगाच्या ग्रंथी दुसऱ्याच्या पंगतीत बिनबोलावता शिरतात. दोन मोठ्या, दुमडी पडलेल्या साध्या ग्रंथींच्या मधल्या फटीत दोन-तीन लहान, सरळ कडेच्या ग्रंथी उभ्या दिसल्या की तिथे थांबायचं. सुईच्या तुकड्यात मात्र पुंजक्याची कड पुरती दिसतेच असं नाही. एक मिलिमीटरच्या पट्टीत पंगत कुठे संपते ते कसं कळणार?

म्हणून पुढची खूण जास्त कामाची, आणि तक्त्यात ती बहुधा खालीच असते. लहान ग्रंथी आणि त्यांच्याच मधे बसलेली मोठी, दुमडीची ग्रंथी यांची तुलना करा. पेशींचा रंग तोच, केंद्रकं तितकीच, फक्त आकार लहान-मोठा, आणि मोठ्या ग्रंथीपासून फुटून लहान झाल्यासारखा क्रम दिसतोय? मग ते अ‍ॅडिनोसिस असण्याकडे झुकतं. कर्करोगात लहान ग्रंथी परक्या दिसतात. सायटोप्लाझम जरा जांभळट, केंद्रकं शेजारच्या साध्या पेशींपेक्षा मोठी, न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका) ठळक, पोकळीची कड पट्टीने आखल्यासारखी. न्यूक्लिओलस मोजायचा तो त्याच काचेवरच्या साध्या पेशीच्या तुलनेत. हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकांचा निळा रंग) गडद झालं असेल तर कर्करोगाच्या पेशीतही तो बुडून जातो.

पोकळीत काय आहे तेही पाहा, पण तोलून. निळसर म्युसिन आणि गुलाबी दाट स्राव कर्करोगाकडे नेतात. कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळं असलेले कॉर्पोरा अमायलेसिया साध्याकडे. स्फटिकांवर विसंबू नका, ते अ‍ॅडिनोसिसमध्येही भरपूर सापडतात आणि नवशिक्यांना सगळ्यात जास्त तेच फसवतात.

मग बेसल पेशी. साध्या ग्रंथीला दोन थर असतात, आत स्राव करणाऱ्या पेशी आणि त्यांच्या खाली अस्तरासारख्या बेसल पेशी. कर्करोगात अस्तर जातं. एच अँड ई या नेहमीच्या रंगावर बेसल पेशीचं केंद्रक चपटं, गडद, तळाशी पडलेलं दिसतं. पण कर्करोगाच्या ग्रंथीला बाहेरून चिकटलेला फायब्रोब्लास्टही (आधारतंतूंची पेशी) हुबेहूब तसाच दिसतो. 'बेसल पेशी दिसल्या, सोडून दिलं' या चुकीचं मूळ बहुतेक वेळा हेच. शंका असेल तर इम्युनो करा, डोळे ताणू नका. ३४ बीटा ई १२ किंवा सीके ५/६ सायटोप्लाझम रंगवतात, पी६३ केंद्रक. अ‍ॅडिनोसिसमध्ये हे अस्तर फाटकं असतं. एका ग्रंथीभोवती चार बेसल पेशी, दुसरीभोवती एक, तिसरीभोवती एकही नाही. इथे तिसरी ग्रंथी एकटी काढून 'निगेटिव्ह' म्हणायचं नाही. तिचा चेहरा पहिल्या दोघींसारखाच असेल तर ती त्यांच्याच घरची. अख्ख्या पुंजक्यात सगळ्याच ग्रंथी कोऱ्या आणि शेजारच्या साध्या ग्रंथी व्यवस्थित रंगलेल्या, असं असेल तरच निगेटिव्हला वजन येतं.

अ‍ॅडिनोसिस बहुतांशी ट्रान्झिशन झोनमध्ये, म्हणजे मूत्रमार्गाभोवतीच्या भागात असतं. त्यामुळे टीयूआरपीच्या (मूत्रमार्गातून प्रोस्टेट खरवडण्याच्या ऑपरेशनच्या) खपल्यांत ते बरंच भेटतं, सुईच्या तुकड्यात कमी. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६मध्ये आपली पद्धत (ग्रंथींच्या दोन मुख्य नमुन्यांना १ ते ५ आकडे देऊन बेरीज) मांडली तेव्हा बेसल पेशींचे हे रंग हाताशी नव्हते. त्या काळी १+१ म्हणून नोंदलेल्या बऱ्याच काचा आज अ‍ॅडिनोसिस ठरतील असं मानलं जातं. आज सुईच्या तुकड्यावर ३+३च्या खाली कुणी लिहीत नाही. तुमच्या मनात '१+२ असेल का' असं येत असेल, तर ते अ‍ॅडिनोसिस तर नाही ना, हे आधी पाहा.

आणि एक पाहिलं की वाद संपतो अशा खुणा तीनच. नसेला (मज्जातंतूला) पूर्ण वेढा घालून बसलेली ग्रंथी, म्युसिनस फायब्रोप्लेझिया (म्युसिनभोवती जमलेली तंतूंची गाठ) आणि ग्लोमेरुलेशन (ग्रंथीच्या पोकळीत लोंबणारा पेशींचा गुच्छ). यातल्या तिसरीला आता पॅटर्न ४ धरतात, म्हणजे ती दिसली तर गोष्ट ३+३ची राहत नाही. पहिलीतही 'पूर्ण वेढा' हा शब्द महत्त्वाचा. साधी ग्रंथीही कधीकधी नसेला खेटून असते.

प्रश्न : काकांच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय: 'बेसल सेल मार्कर निगेटिव्ह, एएमएसीआर पॉझिटिव्ह.' नेटवर पाहिलं तर हे दोन्ही म्हणजे कॅन्सर. पण खाली निष्कर्ष आहे 'पार्शियल अ‍ॅट्रोफी, सौम्य'. टायपिंगची चूक आहे का? – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : चूक नसण्याची शक्यता जास्त, आणि तसं असेल तर लिहिणारा जाणता आहे.

पार्शियल अ‍ॅट्रोफी म्हणजे ग्रंथी अर्धवट सुकलेली. पूर्ण सुकलेल्या ग्रंथी लांबूनच काळ्या ठिपक्यांच्या झुपक्यासारख्या दिसतात, कारण सायटोप्लाझम जाऊन केंद्रकंच उरतात. त्या सहसा फसवत नाहीत, त्यांचं बेसल अस्तरही शाबूत असतं. अर्धवट सुकलेल्या ग्रंथी फिकट असतात. पेशीची उंची गेलेली असते, पण दोन्ही बाजूंना सायटोप्लाझम उरलेलं असतं, म्हणून केंद्रकं एकमेकांपासून लांब बसतात आणि वरच्या कडेला टेकल्यासारखी दिसतात. पोकळी चांदणीसारखी, वेडीवाकडी. कर्करोगाची पट्टीने आखलेली कड इथे दिसत नाही, आणि जाणकार त्याच बळावर 'सौम्य' लिहितो. सुईच्या तुकड्यात कर्करोग समजून फसायला लावणारं सगळ्यात नेहमीचं सोंग हेच.

पंचाईत अशी की या ग्रंथींचं बेसल अस्तर फाटकं असतं, काही ग्रंथींत ते अजिबात सापडत नाही. एएमएसीआर, म्हणजे कर्करोगात बहुधा लागणारा रंग, तोही थोडाफार रंगतो. म्हणजे इम्युनोचा निकाल कर्करोगासारखा आणि साध्या काचेवरचा चेहरा सौम्य. अशा वेळी चेहऱ्याला जास्त मानायचं. एएमएसीआर अ‍ॅडिनोसिसच्या काही ग्रंथींतही रंगतो, हाय ग्रेड पिनमध्ये तर बहुतेक वेळा. उलट, फोमी ग्लँड प्रकारच्या कर्करोगात तो फिका किंवा कोराही येतो. क्वचित असाही कर्करोग भेटतो की त्याच्या पेशींची केंद्रकंच पी६३ने रंगतात, आणि घाईत बघणारा ती बेसल पेशी समजून मोकळा होतो.

काकांच्या बाबतीत एवढंच विचारून घ्या की त्याच काचेवर शेजारच्या साध्या ग्रंथींमध्ये बेसल रंग नीट आला होता का. त्या रंगल्या नसतील तर 'निगेटिव्ह' या शब्दाला काहीच अर्थ नाही. रंगच लागलेला नाही.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये प्रोस्टेटचे तुकडे वळून येतात, ब्लॉकमध्ये एका पातळीत बसत नाहीत. दोनदा असं झालं की पहिल्या काचेवर मॅडमना संशय आला आणि इम्युनोसाठी परत कापलं तर तो भाग संपलेला. कुठे चुकतंय? – दोन तंत्रज्ञ, देवास

उत्तर : बहुधा तीन-चार ठिकाणी थोडं थोडं. क्रमाने पाहू.

फॉर्मॅलिन बफर केलेलं आहे ना? बाजारचं फॉर्मॅलिन १०० मिलि, डिस्टिल्ड पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेसहा ग्रॅम, एवढाच खटाटोप आहे. नुसतं नळाचं पाणी ओतून केलेलं फॉर्मॅलिन आंबट होत जातं आणि काचेवर तपकिरी-काळे कण पडतात. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन हवं, आणि मुरायला किमान सहा तास. दुपारी चारला आलेला तुकडा संध्याकाळच्या बॅचमध्ये ढकलला की मधला भाग कच्चा राहतो, केंद्रकं पुसट होतात आणि पॅथॉलॉजिस्टला न्यूक्लिओलस दिसत नाही. बाहेरगावाहून बसने येणाऱ्या डब्यांची झाकणं टेपने बंद करायला सांगा. मे महिन्यात आपल्या माळव्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गळून कोरडा पडलेला तुकडा पुन्हा जागेवर येत नाही.

वळण्याचा इलाज सुई काढणाऱ्यापासून सुरू होतो. तुकडा थेट डबीत झटकला तर तो वळणारच. स्पंजच्या किंवा फिल्टर पेपरच्या दोन तुकड्यांमधे सरळ ताणून ठेवून मग फॉर्मॅलिनमध्ये सोडायचा. यूरॉलॉजीच्या ओटीत पेपरचे तुकडे कापून देऊन ठेवा, नुसत्या सूचनेने होत नाही. पांढरट तुकडा मेणात दिसत नसेल तर प्रोसेसिंगमध्ये इओसिनचा हलका हात द्या, म्हणजे कापताना गुलाबी रेघ कळते.

एका ब्लॉकमध्ये एक तुकडा, फार तर दोन. सहा तुकडे एकत्र बसवले की एक वर, एक खाली. खालचा पूर्ण येईपर्यंत घासत गेलं की खालचे तीन उरतात आणि वरचे तीन कचऱ्यात जातात. तुमचा हरवलेला भाग बहुधा याच घासण्यात गेला. साच्यात तुकडे टाकल्यावर मेण थिजायच्या आत हलक्या हाताने दाबून सपाट करा.

आता कापणं. जाडी ३ ते ४ मायक्रॉन. तीन पातळ्यांवरून एच अँड ई. आणि महत्त्वाचं म्हणजे पातळ्यांच्या मधली रिबन (एकापाठोपाठ निघणाऱ्या कापांची पट्टी) फेकायची नाही. ती त्याच वेळी कोटिंग केलेल्या काचांवर उचलून, क्रमांक घालून, न रंगवता ठेवायची. संशय आला की ब्लॉक परत लावायची गरजच नाही, कारण परत लावला की कोन थोडा बदलतो आणि पूर्ण कड येईपर्यंत पाच-दहा काप वाया जातात. चार ग्रंथींचा पुंजका तेवढ्यात संपतो. साध्या काचेवर उचललेले काप इम्युनोच्या उकळीत सुटून तरंगतात, म्हणून कोटिंग हवंच. राखीव काचा महिनोन् महिने पडून राहिल्या तर रंग फिका येतो. रिपोर्ट सही होऊन गेला की त्यांचा हिशोब मिटवा.

प्रश्न : ग्लीसन ६ म्हणजे १० पैकी ६. अर्ध्याहून जास्त पसरलाय असं धरायचं का? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नाही. ६ हा आता मोजपट्टीच्या खालच्या टोकाचा आकडा आहे, ग्रेड ग्रुपमध्ये १, पाचांपैकी सगळ्यात सौम्य. हा गोंधळ टळावा म्हणूनच २०१४च्या बैठकीनंतर ग्रेड ग्रुप सोबत लिहायला सुरुवात झाली. शिवाय ग्रेड म्हणजे पेशींचा चेहरा, पसरण्याशी त्याचा थेट हिशोब नाही. पसरलं किती हे तपासणी, एमआरआय आणि पीएसएवरून ठरतं. ग्रेड ग्रुप १च्या बऱ्याच रुग्णांना ऑपरेशन न करता ठरावीक अंतराने पीएसए, एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी करत नजरेखाली ठेवतात.

प्रश्न : इथल्या रिपोर्टमध्ये कमी दर्जाचा कॅन्सर, मुंबईला दाखवल्यावर सौम्य. दोघांतलं एक खोटं बोलतंय का? – एक वाचक, महू

उत्तर : खोटं कुणी बोलत नसेल. वरची उत्तरं वाचली असतील तर लक्षात येईल की मधली पट्टी किती अरुंद आहे. शिवाय दोघांनी तीच गोष्ट पाहिली का, हा पहिला प्रश्न. मुंबईला फक्त काचा गेल्या होत्या की ब्लॉकही? नवे काप काढले असतील तर संशयित भाग त्यात होता का?

पुढच्या वेळी काचा, ब्लॉक, मूळ रिपोर्ट आणि केलेल्या इम्युनोच्या काचा अशा चारही गोष्टी सोबत न्या, लॅबमधून पावती घ्या. ब्लॉक मेणाचे असतात, साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतात. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवून बाजार करत फिरू नका.

सोबत एका कागदावर रुग्णाची हकिकत लिहा. आधी त्या भागात रेडिएशन झालं होतं का, मूत्राशयात बीसीजी (मूत्राशयाच्या कर्करोगावरचं औषध) दिलं होतं का, फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड (प्रोस्टेट आकसवणाऱ्या गोळ्या) चालू आहे का, कॅथेटर किती दिवस होता. रेडिएशननंतर साध्या ग्रंथींची केंद्रकं अशी अक्राळविक्राळ होतात की हकिकत माहीत नसलेला दचकतो. बीसीजीनंतरचा दाह तर लांबून वरच्या ग्रेडच्या कर्करोगासारखा दिसतो. सुई चुकून सेमिनल व्हेसिकलला (शेजारच्या वीर्यपिशवीला) लागली असेल तर तिथेही मोठी, विचित्र केंद्रकं दिसतात. पेशीतल्या सोनेरी-तपकिरी कणांमुळे ती ओळखता येतात, पण ते शोधायचं लक्षात आलं पाहिजे.

प्रश्न : टीयूआरपीत ३० ग्रॅम खपल्या निघाल्या. रिपोर्टमध्ये लिहिलंय की काहीच भाग तपासला. फसवलं का? – एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नाही. रूढ पद्धत अशी आहे की पहिले १२ ग्रॅम पूर्ण घालायचे, त्याला सहा ते आठ कॅसेट (तुकडे ठेवायच्या जाळीदार डब्या) लागतात, आणि पुढच्या दर पाच ग्रॅमला एक कॅसेट. तुमच्या ३० ग्रॅमला दहा-बारा कॅसेट झाल्या असतील तर काम नीट झालं आहे. त्यात अनपेक्षित कर्करोग निघाला तर तो खपल्यांच्या ५ टक्क्यांपर्यंत आहे की जास्त, हे लिहावं लागतं, कारण त्यावर आजाराची पायरी टी१ए की टी१बी ते ठरतं. अशा वेळी उरलेल्या खपल्याही बाहेर काढून तपासतात. म्हणून लॅबने उरलेलं लगेच फेकलेलं नाही ना, हे एकदा फोन करून विचारा. आणि टीयूआरपीत तारेने भाजलेल्या कडेवर कुणी कर्करोग म्हणत असेल तर न भाजलेल्या भागात तसंच काही दिसलं का, हे विचारायला संकोच करू नका. आधी कॅथेटर किंवा ऑपरेशन झालेल्यांत मूत्रमार्गाच्या अस्तरात नेफ्रोजेनिक अ‍ॅडिनोमा नावाची साधी वाढ होते. तिच्या बारीक नळ्या बेसल रंगाला कोऱ्या आणि एएमएसीआरला रंगलेल्या असू शकतात. तिथे पॅक्स-८ हा वेगळा रंग लावला की लगेच उलगडा होतो.